लेकराला सांगून जायचं

आमच्या घरात एक जुनी पद्धत होती. परगावी निघालेल्या माणसानं लहान लेकरासमोर पायात चप्पल घालायची नाही. चप्पल कुणीतरी आधीच गुपचूप अंगणाबाहेर नेऊन ठेवायची, बॅग शेजाऱ्याच्या ओट्यावर. मग घरातल्या एकानं लेकराला कडेवर घ्यायचं आणि "चल, खाऊ आणू" म्हणत दुकानाची वाट धरायची. तेवढ्यात जाणाऱ्यानं सटकायचं. लेकरू परत येतं तेव्हा माणूस नसतो, हातात बिस्किटाचा पुडा असतो. थोडं रडतं, मग विसरतं. निदान आम्ही तसं धरून चालायचो. माझ्या बापानं मला असंच चुकवलं, मी माझ्या लेकाला असंच चुकवलं, आणि नातीच्या वेळेला खाऊ आणायला जायचं काम माझ्याकडं आलं.

मी एसटीत कंडक्टर होतो. गाडीत लोक मास्तर म्हणायचे, निवृत्त झालो तरी कंधारात अजून मास्तरच म्हणतात. घरी आम्ही दोघंच, मी आणि बायको. लेक आणि सून पुण्याला, दोघंही कंपनीत, दोघांच्याही पाळ्या बदलत्या. नात दीड वर्षाची असताना त्यांनी तिला तिथल्या पाळणाघरात ठेवून पाहिलं. पोरगी दिवसभर रडायची, संध्याकाळी ताप घेऊन घरी यायची. शेवटी सुनेनं तिला आणून आमच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "जरा मोठी होऊ द्या." त्यानंतर दोघं जमेल तेव्हा रविवार धरून यायचे, आणि निघायची वेळ झाली की मी नातीला घेऊन दुकानाकडं जायचो.

ह्याचा परिणाम असा झाला की पोरगी तीन वर्षांची झाली तरी माझ्या सदऱ्याचं टोक सोडेना. जेवायला बसलो तरी मुठीत टोक. दाढी करायला बसलो तरी मुठीत टोक. न्हाणीत गेलो तर दाराबाहेर फतकल मारून बसायची आणि दर घडीला आवाज द्यायची, "आबा, हायेस का?" मी आतून "हाय" म्हणायचं. पुन्हा, "हायेस का?" पुन्हा "हाय." बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "जरा जोरानं वरडा की, आख्ख्या गल्लीला कळू द्या मास्तर आंघोळ करून राहिले म्हनून."

बायको हसायची. मला मात्र ते सदऱ्याला लोंबकळणं आवडत होतं, खोटं कशाला बोलू. उभा जन्म गाडीत हजार माणसांना "पुढं सरका" म्हणण्यात गेला. कुणीतरी मला धरून ठेवलंय, हे सुख म्हातारपणीच मिळालं.

अशात थंडीच्या दिवसांत एकदा लेकाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "आबा, येत्या जूनपासून तिला इकडं नर्सरीला घालावं म्हणतो. तिकडं कुठली आली शाळा?"

माझं टाळकंच सरकलं. "कुठली आली म्हंजे? तू काय लंडनात शिकून आलास का रे? ह्याच गावात शिकलास न्हवं?"

"तसं नाही हो. ती कुणात राहतच नाही. चांगली शाळा असती आणि ती तिथं रमली असती, तर पहिलीपर्यंत राहू दिलं असतं. पण..."

"शब्द दिलास. आता फिरू नको," म्हणालो आणि फोन ठेवून दिला.

म्हणजे जून यायच्या आत मला दोन गोष्टी करायच्या होत्या. गावात शाळा शोधायची आणि पोरीला तिथं रमवायचं. नाहीतर नात पुण्याला जाणार होती. दुसऱ्याच दिवशी मी सदऱ्याला नात लटकवून निघालो. आमच्या खात्यात तिकीट तपासायला पथक अचानक गाडीत चढतं ना, तशी मी कंधारातली एकेक बालवाडी तपासायला घेतली.

पहिल्यांदा इंग्रजी शाळा झाली. एका बंगल्यात होती, भिंतीवर विजार घातलेला ससा काढलेला. मॅडम चांगल्या होत्या, पण नातीशी इंग्रजीत बोलायला लागल्या तशी पोरगी माझ्या पायजम्यात तोंड खुपसून उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, पालकांनी फाटकाच्या आत यायचं नाही, आम्ही मूल आत घेतो आणि फाटक लावतो, आठवडाभरात सवय होते. मी त्या फाटकाची कडी बघितली आणि नमस्कार करून निघालो. 

मग मोठ्या रस्त्यापलीकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. तिथं लहान पोरांचा नवा वर्ग निघाला होता. खोली उजेडाची, रंगीत खुर्च्या, बाई हसतमुख. मला ती शाळा मनापासून आवडली. पण गुरुजी म्हणाले, "मास्तर, वयात बसंना हो पोरगी. पुढल्या साली आना, मीच हाताला धरून नेतो आत." पुढच्या सालापर्यंत थांबायला माझ्याकडं वेळ कुठं होता?

बाजारामागं एक अंगणवाडी होती. भाड्याची खोली, अंधारी. तिथल्या ताईंची जागा रिकामी होती, एकटी मदतनीस मावशी चूलही सांभाळायची आणि पोरंही. बिचारी फोडणीला घालायची आणि तसाच पळीसकट हात वर करून पोरांना बसवायची. तिची दया आली, पण आपली पोरगी तिच्या डोक्यावर आणखी कुठं टाकायची?

राहिली आमच्याच गल्लीतली, महादेवाच्या देवळामागची अंगणवाडी. तिच्यासमोरून मी वर्षानुवर्षं ये-जा केली होती, पण आत कधी डोकावलो नव्हतो. आमच्या गल्लीत तिला खिचडीची शाळा म्हणत. बायको तर ऐकूनच उसळली. "तिथं घालता? लोक काय म्हनतील, मास्तरच्या घरी दानं महाग झाली म्हनतील."

"म्हनू दे की," मी म्हणालो. "लोकांच्या तोंडाला काय हात लावता येतो?" बोललो खरा, पण आतून मलाही थोडं ओशाळल्यागत झालं होतं.

गेलो तेव्हा ताई ओट्यावर उभ्या राहून मोबाईल आभाळाकडं धरून फिरत होत्या. मला वाटलं, बाई फोटो काढून राहिली. तसं काही नव्हतं. पोरांची हजेरी मोबाईलवरून वर पाठवायची असते आणि रेंज फक्त ओट्याच्या एका कोपऱ्यात येते, म्हणून ती कसरत. आत सतरंजी, भिंतीवर भाज्यांची चित्रं, कोपऱ्यात वजनकाटा, लाकडी ठोकळ्यांची पाटी. पोरं आपापलं ताट घरून घेऊन आलेली. ती ठोकळ्यांची गाडी करून ओरडत होती आणि त्या गाडीत एकही प्रवासी जागेवर बसलेला नव्हता. माझा हात आपोआप वर गेला आणि मी म्हणालो, "चला, पुढं सरका, मागं जागा करा." पोरं चिडीचूप झाली आणि खरंच पुढं सरकली. ताई हसल्या. म्हणाल्या, "मास्तर, रोज येत जा."

आलोच रोज. पहिले काही दिवस मी आत सतरंजीवर बसायचो आणि नात माझ्या मांडीवर. मग मी दारात, ती माझ्या गुडघ्याला टेकून. मग मी ओट्यावर, ती उंबऱ्यात, सदऱ्याचं टोक मात्र मुठीत. एक दिवस ठोकळ्यांवरून दोन पोरींचं भांडण लागलं, नात उठून बघायला गेली आणि तिच्या हातातलं टोक सुटलं. मी बघितलं, ती रमलीय. झालं, आमच्या घरची सवय अंगात आली. चप्पल हातात घेतली, ओट्यावरून हळूच उतरलो आणि देवळाच्या आडून घर गाठलं. बायकोला म्हणालो, "जमलं. पोरगी राहिली."

खिचडीच्या वेळेला आणायला गेलो तर नात दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी. डोळे सुजलेले. ताट तसंच भरलेलं. मला बघून ती धावत आली नाही, हेच मला लागलं. तिनं नुसतं बघितलं आणि पुन्हा चौकट धरली.

ताई बाहेर आल्या. त्यांचाही चेहरा लाल झाला होता. "सांगून गेलते का तिला?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतं का तिनं?"

"रडली असती. रडू द्यायचं असतं. लेकरू रडलं म्हनून काय व्हत न्हाई, मास्तर. पन माणूस ध्यानीमनी नसताना गायब झालं की ते दिसभर दाराकडंच बगत बसतंय. खेळत न्हाई, खात न्हाई. उद्यापासून लपून जायाचं असंल तर आनू नका."

मला लाज वगैरे वाटली नाही, संताप आला. आम्हाला काय लेकरं माहीत नाहीत? तीन पिढ्या आमच्या घरात अशाच वाढल्या. तावातावानं नातीला खांद्यावर टाकून घरी आलो आणि बायकोसमोर ताईंना चार शिव्या हासडल्या. बायको शेंगा फोडत होती. फोडता फोडता म्हणाली, "तुमच्या लेकानं बी दहावीपर्यंत मला इच्यारलंय, तू घरी असशील ना म्हनून. शाळेतून यायचा अन् दप्तर टाकायच्या आधी मला हुडकायचा. तवा मला वाटायचं, लई माया हाय पोराची."

ती शेंगा फोडत राहिली. मीही मूठभर शेंगा पुढ्यात ओढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मी नातीला सतरंजीवर बसवलं, समोर उकिडवा बसलो आणि सांगितलं, "मी घरी चाललो. तुझी खिचडी झाली की येतो." तिनं असा टाहो फोडला की देवळातले गुरव बाहेर येऊन उभे राहिले. मी तिचं एकेक बोट सदऱ्यावरून सोडवलं. ताईंनी तिला पोटाशी घेतलं आणि मला मानेनं खुणावलं, जा. मी तिच्या डोळ्यांसमोर चप्पल घातली आणि गेलो. कोपऱ्यावर पानटपरीपाशी उभा राहिलो, घरी जायचा धीर होईना. खिचडीचा वास आला तसा धावत गेलो.

असं किती दिवस चाललं, आता आठवत नाही. रडणं हळूहळू आखूड होत गेलं. एकदा मी जायला उठलो तर तिनं मुसमुसत विचारलं, "खिचडी झाल्यावर येतूस का?" म्हणालो, "येतो." तिनं नाक पुसलं आणि ठोकळ्यांकडं गेली. मी आलो तेव्हा ती दारात नव्हतीच. आत बसून एका लहान पोराला घास भरवत होती आणि त्याला दटावत होती, "रडू नको रे. तुजी आई काय पळून गेली न्हाई. सांगून गेलीय." घरीही फरक पडला. मी न्हाणीत गेलो तरी दाराबाहेर आवाज येईना. एकदा मीच आतून विचारलं, "हायेस का गं?" उत्तर आलं नाही, ती शेजारच्या अंगणात खेळत होती.

बायकोनं एके दिवशी तिचा व्हिडिओ काढून पुण्याला पाठवला. अंगणवाडीत नात मधोमध उभी, हातवारे करून भाज्यांची नावं सांगतेय आणि सगळी पोरं तिच्यामागून म्हणतायत. मी छाती फुगवून फोनची वाट बघत बसलो. आता लेक म्हणणार, आबा, तुम्ही जिंकलात, राहू द्या तिला तिथं.

फोन सुनेचा आला. आधी नुसती रडत होती. मग म्हणाली, "आबा, ती कुणात राहायला लागली हो! आता इथं पण राहील. पाळणाघर आहे आमच्या खालीच, आणि नर्सरी पण. आता मी तिला माझ्याजवळ आणू शकते."

मी फोन बायकोकडं दिला. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. नात माझ्याजवळ राहावी म्हणून ज्या शाळेसाठी मी गाव पालथं घातलं, त्याच शाळेनं तिला मला सोडून राहायला शिकवलं होतं. लेकानं दिलेल्या शब्दावरून भांडावं, असं सारखं मनात येत होतं. पण फोनवर त्या बाईचं रडणं ऐकलेलं होतं. आईच ती. तिच्याशी कसल्या शब्दावरून भांडायचं?

जूनच्या सुरुवातीला दोघं न्यायला आले. संध्याकाळी सून अंगणात माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबा, दर वेळेला निघताना मला पळत सुटावं लागायचं. तुम्ही दुकानातून लवकर परत आलात तर, ही भीती. एकदाही तिला नीट बघून गेले नाही मी." तिचा हात हातात घ्यावासा वाटला. आमच्यात सासऱ्यानं तसं करायची रीत नाही, म्हणून म्हणालो, "चहा घे."

लेकानं मात्र सगळं ठरवूनच ठेवलं होतं. "आबा, उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. तुम्ही असं करा, तिला सांगा की आबा मागच्या गाडीनं येतात. गाडी हलली की ती झोपेल."

"तसलं मी सांगनार न्हाई."

"मग रडेल ती."

"रडू दे."

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि लेकाला म्हणाली, "त्यांचं त्यांना बगू दे."

सकाळी मी तिला आंघोळ घातली, कपाळाला विभूती लावली, नवा फ्रॉक घातला. पाटावर बसवलं आणि समोर उकिडवा बसलो. "हे बग, तू आज आई-बाबासंगं पुन्याला चाललीस. तिथंच राहायचंय. मी येनार न्हाई. मी हितंच."

तिनं माझ्याकडं बघितलं. "खिचडी झाल्यावर येतूस?"

"न्हाई. तवा बी न्हाई. दिवाळीला येतो."

दिवाळी किती लांब आहे, हे तिला काय कळणार? पण आज येणार नाही, एवढं कळलं. मी रडण्याची वाट बघत होतो. ती रडली नाही, विचार करत बसली. मग विचारलं, "मंग तू कुनापाशी राहनार?"

"आज्जीपाशी."

"आज्जी तर टीवी बगती. शेंगा फोडती. तुला कोन हाय?"

ती पाटावरून उठली, माझं बोट धरलं आणि निघाली. स्वयंपाकघरात शिरली, स्वतःचं ताट उचललं, पाण्याची बाटली घेतली. लेक म्हणाला, "अगं, गाडी निघेल." सून म्हणाली, "थांबा हो जरा," आणि दोघं आमच्या मागोमाग आले.

अंगणवाडी नुकतीच भरत होती. नातीनं मला ओट्यावरून आत नेलं, सतरंजीवर तिच्या नेहमीच्या जागेवर बसवलं आणि माझ्यासमोर ताट ठेवलं. बाटली बाजूला ठेवली. मग ताईंकडं वळून म्हणाली, "ताई, हा आबा हितं बसनार. मी पुन्याला चालले. त्याला रोज घ्या."

ताईंनी माझ्याकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या लेका-सुनेकडं. म्हणाल्या, "हाव. घेते."

नात माझ्यासमोर उकिडवी बसली. माझ्या सदऱ्याची बोटांनी घडी नीट केली. "आबा, मी चालले. दिवाळीला भेटू. खिचडी खायाची. ठोकळं सगळ्यांनी मिळून खेळायचं." मग उठली, दारात माझ्या डोळ्यांसमोर बसून तिनं सँडलचे पट्टे लावले, आईचं बोट धरलं आणि ओट्यावरून उतरून गेली.

माझी एवढी हयात बसस्टँडवर गेली, पण त्या दिवशी मी स्टँडवर गेलो नाही. तिनं मला तिथं बसवलं होतं, म्हणून मी बसून राहिलो. समोर तिचं लहानसं ताट होतं. तिथली खिचडी करणारी मदतनीस येऊन त्यात वाढून गेली, तेव्हा मला हुंदका आवरला नाही. पोरं खेळ सोडून माझ्याभोवती गोळा झाली आणि एवढा मोठा माणूस रडतोय म्हणून टकामका बघायला लागली.

"चला रे, जाग्यावर बसा," ताई म्हणाल्या. "रडू द्या त्यांना. पयला दिस हाय."